रॉब हॅलफर्ड आपल्या आवाजाकडे परत कसा आला

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हेवी मेटलमधले दोन बिनीचे ब्रिटिश गायक पाठोपाठ आपापल्या बँडमधून बाहेर पडले. रॉब हॅलफर्डने १९९२मध्ये जुडास प्रीस्ट सोडला आणि ब्रूस डिकिन्सनने १९९३मध्ये आयर्न मेडन. दोघांनाही वेगळं काहीतरी करून पाहायचं होतं. दोघेही त्या वाटेवर बरंच भटकले आणि शेवटी एकाच प्रोड्यूसरच्या, म्हणजे अल्बमचं ध्वनिमुद्रण घडवणाऱ्या माणसाच्या, दारात जाऊन उभे राहिले. इथे मांडलेलं प्रकरण हॅलफर्डचं आणि त्याच्या २०००मधल्या ‘रिझरेक्शन’ या अल्बमचं आहे, पण डिकिन्सनशिवाय ते नीट उलगडत नाही, म्हणून तो मधून मधून येत राहील. गायक आणि त्याचे सहकलाकार सर्वांना माहीत आहेत, त्यामुळे त्यांची नावं दिली आहेत. पडद्यामागच्या इतर बहुतेक माणसांची नावं मात्र मुद्दाम टाळली आहेत.

पार्श्वभूमी

हॅलफर्डचा जन्म १९५१चा आणि बालपण बर्मिंगहॅमजवळच्या वॉलसॉलमधलं, म्हणजे लोखंडाच्या आणि भट्ट्यांच्या मुलखातलं. १९७३मध्ये तो जुडास प्रीस्टमध्ये आला. पुढच्या सतरा वर्षांत ‘सॅड विंग्ज ऑफ डेस्टिनी’, ‘ब्रिटिश स्टील’, ‘स्क्रीमिंग फॉर व्हेंजन्स’ अशा अल्बममधून त्याने हेवी मेटलच्या गायकीचा एक नमुनाच घालून दिला. खालच्या पट्टीतली घोगरी गुरगुर आणि तिच्यातून थेट तार सप्तकात झेपावणारी धारदार किंचाळी हा तो नमुना. चामड्याचे कपडे, खिळ्यांचे पट्टे आणि मोटरसायकलवरून मंचावर येणं हेही त्याचंच.

१९९०च्या उन्हाळ्यात अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या रीनो शहरात बँडवर खटला चालला. दोन तरुणांनी स्वतःवर गोळ्या झाडून घेतल्या होत्या आणि बँडच्या एका गाण्यात लपवलेल्या सुप्त संदेशामुळे तसं घडलं, असा कुटुंबीयांचा दावा होता. हॅलफर्डला कोर्टात साथीशिवाय त्या गाण्याच्या ओळी गाऊन दाखवाव्या लागल्या. ऑगस्टमध्ये दावा फेटाळला गेला आणि सप्टेंबरमध्ये ‘पेनकिलर’ आला. बँडच्या सगळ्यात जोरकस अल्बमांपैकी तो एक आहे. वर्षभराने, १९९१च्या ऑगस्टमध्ये, टोरांटोच्या कार्यक्रमात मोटरसायकलवरून मंचावर येताना हॅलफर्डला अपघात झाला. तरीही त्याने कार्यक्रम पुरा केला. दौरा तिथेच संपला आणि काही महिन्यांत बँडमधलं त्याचं स्थानही.

आपल्याला कायमचं बाहेर पडायचं नव्हतं, बँडबाहेर थोडं काम करायचं होतं, असं हॅलफर्डने पुढे अनेक वेळा सांगितलं आहे. पण वकिलांची पत्रं, करारातली कलमं आणि थकलेली माणसं एकत्र आली की ‘थोडे दिवस’ आणि ‘कायमचं’ यांतला फरक पुसला जातो. इथेही तेच झालं.

अडचण

बाहेर पडल्यावर हॅलफर्डने ‘फाइट’ नावाचा बँड काढला. त्याचा १९९३चा ‘वॉर ऑफ वर्ड्स’ हा त्या काळच्या अमेरिकी मेटलच्या वळणाचा, आखूड आणि ठोसेबाज अल्बम होता आणि तो चांगला चाललाही. १९९५चा दुसरा अल्बम मंद आणि उदास होता. सिएटलच्या ग्रंज (खडबडीत, उदास वळणाचं रॉक) बँडांनी जे वातावरण तयार केलं होतं, त्याची सावली त्यावर स्पष्ट दिसते. ‘फाइट’ तिथेच थांबला.

मग आला ‘टू’. गिटारवादक जॉन लोअरी सोबत होता (पुढे ‘जॉन फाइव्ह’ म्हणून गाजलेला) आणि अल्बम निघाला ‘नाइन इंच नेल्स’ या इंडस्ट्रियल रॉक बँडच्या ट्रेंट रेझनरच्या ‘नथिंग रेकॉर्ड्स’कडून. यंत्रांचे ठोके, पुटपुटल्यासारखं गाणं आणि डोळ्यांभोवती काळा रंग अशी सगळी मांडणी नव्या इंडस्ट्रियल रॉकची होती. ‘व्हॉयर्स’ नावाचा हा अल्बम १९९८च्या मार्चमध्ये आला आणि फारसा कुणी विकत घेतला नाही. हेवी मेटलचे दिवस सरले, अशा अर्थाची विधानंही हॅलफर्डने त्या काळात केली होती आणि ती जुन्या चाहत्यांच्या जिव्हारी लागली होती.

पण त्याच सुमाराला, १९९८च्या फेब्रुवारीत, एमटीव्हीवरच्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचं हॅलफर्डने जाहीरपणे सांगितलं. मेटलच्या मर्दानी दुनियेत त्याच्या उंचीच्या गायकाने असं सांगणं त्याआधी घडलं नव्हतं. बँडमधल्यांना आणि जवळच्यांना ते ठाऊक होतं. लाखो चाहत्यांना मात्र नव्हतं, आणि त्यांना कळलं तर बँडचं नुकसान होईल या धास्तीने तो कित्येक वर्षं गप्प राहिला होता. प्रत्यक्षात चाहत्यांनी पाठ फिरवली नाही. पाठिंब्याची पत्रं आली.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा कणा इथे आहे. माणूस म्हणून हॅलफर्डने मुखवटा उतरवला, त्या आठवड्यांत गायक म्हणून मात्र तो दुसऱ्याच कुणाचा मुखवटा घालून बसला होता. ज्या श्रोत्यांना आपण झेपणार नाही असं त्याला वाटत आलं, त्यांनी त्याचं खरं रूप सहज स्वीकारलं. त्यांना पटलं नव्हतं ते ‘व्हॉयर्स’मधलं पुटपुटणं. म्हणजे श्रोत्यांबद्दलचा त्याचा अंदाजच चुकीचा होता, आणि तो तसा आहे हे १९९८मध्ये त्याला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं असावं.

समोर असलेले पर्याय

१९९९च्या सुमारास बाहेरून पाहणाऱ्याला चार रस्ते दिसत होते.

पहिला, ‘टू’ पुढे रेटणे. पण पहिल्याच अल्बमला प्रतिसाद नव्हता आणि लोअरी १९९८मध्येच मेरिलिन मॅन्सनच्या बँडमध्ये गेला होता. दुसरा, प्रीस्टकडे परत जाणे. तिथली जागा रिकामी नव्हती. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ॲक्रनचा टिम ओवेन्स हा प्रीस्टचीच गाणी गाणाऱ्या एका बँडचा गायक होता. त्याचं चित्रीकरण पाहून प्रीस्टने त्याला १९९६मध्ये घेतलं होतं आणि १९९७मध्ये ‘जगुलेटर’ हा अल्बमही निघाला होता. तिसरा रस्ता सोपा होता. नवीन काही न करता जुनी गाणी गात फिरायचं. त्यात पोट भरतं, पण ती गाणी गाणारा अधिकृत बँड दुसऱ्या गायकासह दौऱ्यावर असताना मूळ गायकाने लहान सभागृहांतून तीच गाणी गायची, यातली केविलवाणी बाजू कुणालाही कळेल.

चौथा रस्ता म्हणजे स्वतःच्या नावाने, नव्या गाण्यांचा, सरळसोट हेवी मेटल अल्बम काढणे. यातली जोखीम आज कमी वाटते, तेव्हा ती मोठी होती. कॉर्न आणि लिम्प बिझकिट या नव्या, रॅपकडे झुकणाऱ्या मेटल बँडांचा तो जमाना. किंचाळणारा गायक, जोडगिटारी, लोखंड आणि आगीच्या प्रतिमा हे सगळं तेव्हा जुनाट मानलं जात होतं. वर गायक पन्नाशीच्या उंबरठ्यावर. आपल्याकडे शास्त्रीय गवई वयोमानाप्रमाणे पट्टी उतरवतो आणि श्रोते ते समजून घेतात, कारण गाण्याचा जीव दुसरीकडे असतो. हॅलफर्डच्या गायकीत तार सप्तकातली किंचाळी हाच जीव. ती उतरवून चालत नाही.

इथे हाताशी दोन पुरावे होते. एक म्हणजे १९९२चा नोव्हेंबर. ब्लॅक सॅबथ या बर्मिंगहॅमच्याच मेटल बँडचा तेव्हाचा गायक रॉनी जेम्स डिओ याने कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसाच्या दोन कार्यक्रमांत गायला नकार दिला, तेव्हा बँडने हॅलफर्डला बोलावलं आणि त्याने थोडक्या तयारीवर दोन्ही रात्री निभावल्या. शुद्ध, पारंपरिक मेटलसाठी या आवाजाला मागणी होती, ती अशी. दुसरा पुरावा डिकिन्सनचा. त्यानेही मेडन सोडल्यावर १९९६मध्ये ‘स्कंकवर्क्स’ नावाचा, काळाच्या वाऱ्याबरोबर जाणारा अल्बम काढला होता आणि तो पडला होता. त्यानंतर लॉस एंजेलिसचा गिटारवादक-प्रोड्यूसर रॉय झी याच्यासोबत त्याने १९९७मध्ये ‘ॲक्सिडेंट ऑफ बर्थ’ आणि १९९८मध्ये ‘द केमिकल वेडिंग’ हे अस्सल मेटलचे अल्बम केले. चाहते परतले, आणि १९९९मध्ये मेडनने त्याला परत घेतलं. हॅलफर्डपुढे जो प्रश्न होता, त्याचं उत्तर शेजारच्या घरात आधीच लिहून तयार होतं.

पहिला निर्णय: प्रोड्यूसर

हॅलफर्डने रॉय झीला निवडलं. पुनरागमनाच्या अल्बममध्ये प्रोड्यूसरची निवड हा सगळ्यात आधी आणि सगळ्यात गांभीर्याने घ्यायचा निर्णय आहे, असं हे प्रकरण वाचताना मला पुन:पुन्हा वाटलं.

कारण ज्येष्ठ गायकाकडे येणारे प्रोड्यूसर बहुधा दोन प्रकारचे असतात. एक त्याला आजचा करू पाहतो, दुसरा त्याच्या १९८२च्या आवाजाची नक्कल उतरवू पाहतो. रॉय झी या दोन्हींत बसत नव्हता. तो स्वतः गिटारवादक आणि गीतकार आहे आणि या संगीताचा मनापासून चाहता. गिटारींचा आवाज त्याने नव्या काळाला शोभेल असा खालचा आणि जाडजूड ठेवला, पण त्या भिंतीच्या वर गायकासाठी मोकळी हवा ठेवली. ‘टू’मध्ये गाणं यंत्रांच्या गर्दीत दडलेलं होतं. इथे ते सगळ्यांच्या पुढे आलं. हॅलफर्डच्या किंचाळीला वाव हवा असेल तर तिच्या आसपासच्या स्वरांत दुसरं कुणी घुटमळता कामा नये. रॉय झीने हे ओळखलं होतं, ते ऐकताना स्पष्ट कळतं.

दुसरा निर्णय: माणसं

बँडमध्ये नावाजलेले पाहुणे जमवणं शक्य होतं. हॅलफर्डने तसं केलं नाही. पॅट्रिक लॅकमन आणि पोलंडमध्ये जन्मलेला ‘मेटल’ माइक ख्लासियाक हे दोन गिटारवादक, बेसवर रे रियांडो आणि ड्रम्सवर बॉबी जार्झोम्बेक अशी जुळणी झाली. सगळे त्याच्याहून बरेच लहान, सगळे हातात जोर असलेले. जार्झोम्बेक आधी ‘रायट’ या बँडमध्ये होता. त्याचे दोन्ही पाय घड्याळासारखे चालतात, आणि ‘पेनकिलर’नंतर हॅलफर्डच्या गाण्याखाली ज्या वेगाची अपेक्षा असते, तो वेग त्याला सहज पेलत होता.

बँडचं नाव ठेवलं ‘हॅलफर्ड’. ‘फाइट’ आणि ‘टू’ या नावांमागे तो लपू शकत होता, इथे ती सोय त्याने स्वतःच काढून घेतली.

आवाजाचं काय, हा प्रश्न उरतोच. १९८६च्या जानेवारीपासून त्याने दारू आणि ड्रग्ज पूर्ण सोडली होती, आणि अल्बमच्या वेळी त्याला चौदा वर्षं झाली होती. ‘पेनकिलर’ हेही त्या निर्व्यसनी वर्षांतलंच फळ. २०००मध्ये त्याचा गळा टिकून होता याचं मोठं श्रेय मी या एका गोष्टीला देईन.

गाणी

‘रिझरेक्शन’ (म्हणजे पुनरुत्थान) हा अल्बम ८ ऑगस्ट २००० रोजी आला. हॅलफर्डच्या एकोणपन्नासाव्या वाढदिवसाला तेव्हा सतरा दिवस बाकी होते.

पहिलंच गाणं अल्बमच्या नावाचं. सुरुवातीलाच गिटारींच्या कडकडाटावर ती किंचाळी येते आणि ऐकणाऱ्याच्या मनातली शंका तिथेच संपते. शब्दांत आपण भरकटलो होतो, खोल गेलो होतो आणि आता परत येतो आहोत, असं तो उघडपणे मांडतो. हे धाडसाचं होतं. परतणारे कलाकार बहुतेक वेळा मधली वर्षं झाली नसल्यासारखं वागतात. हॅलफर्डने त्या वर्षांचाच विषय केला आणि चाहत्यांच्या मनातला राग पहिल्या चार मिनिटांत निवळला.

दुसरं गाणं, ‘मेड इन हेल’, या संगीताच्या जन्मकथेविषयी आहे. मेटल संपलं म्हणणाऱ्या माणसाने मेटल कुठून आलं हे गाऊन सांगावं, याहून सरळ उत्तर नव्हतं. ‘सायलेंट स्क्रीम्स’ हे अल्बममधलं सगळ्यात मोठं गाणं, सात मिनिटांच्या वर जाणारं. सुरुवात जवळजवळ कुजबुजीची, मग एकेक पायरी चढत शेवटी पूर्ण वेग. गळ्याच्या सगळ्या खोल्यांतून फिरून येणारं हे गाणं मला अल्बमचं शिखर वाटतं.

आणि ‘द वन यू लव्ह टू हेट’. इथे डिकिन्सन पाहुणा म्हणून येतो. गाणं जेमतेम तीन मिनिटांचं आहे, पण त्यात डिकिन्सनचा गोल, घुमारेदार आवाज आणि हॅलफर्डचा पात्यासारखा आवाज एकमेकांवर घासतात. बँड सोडलेले हे दोन गायक, त्यांतला एक वर्षभरापूर्वी घरी परतलेला, दुसरा अजून बाहेर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हाही ही पार्श्वभूमी माहीत असलेल्यांना त्यात सूचना दिसली असणार.

उत्तरार्ध मात्र ढिला आहे. ‘स्लो डाउन’ आणि ‘ड्राइव्ह’ ही गाणी वाईट नाहीत, पण पहिल्या सहांच्या शेजारी ती फिकी पडतात. ‘ट्विस्ट’ हे बॉब हॅलिगन ज्युनिअरने लिहिलेलं. प्रीस्टसाठीही त्याने पूर्वी गाणी दिली होती, त्यामुळे जुना धागा इथे आहे, पण ते अल्बमच्या उरलेल्या रागाशी जुळत नाही. बाराऐवजी नऊ गाण्यांचा अल्बम काढला असता तर तो अधिक धारदार झाला असता.

मंचावर

अल्बम सँक्च्युअरी समूहाच्या ‘मेटल-इज’ या लेबलवर निघाला. मेडनचं व्यवस्थापनही सँक्च्युअरीचंच, त्यामुळे पुढची गोष्ट सोपी झाली. मेडन त्या वर्षी डिकिन्सनसह ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ घेऊन उत्तर अमेरिकेत फिरत होता, आणि त्या दौऱ्यात क्वीन्सराइक आणि हॅलफर्ड हे सोबतचे बँड होते. अल्बम बाजारात येण्याच्या तीन दिवस आधी, ५ ऑगस्टला, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हे तिघे एकाच संध्याकाळी वाजले.

इथला निर्णय अहंकाराशी निगडित होता. वीस वर्षं मुख्य आकर्षण राहिलेल्या गायकाने दुसऱ्याच्या दौऱ्यात आधी वाजवायचं, थोड्या वेळात, पूर्ण उजेडाशिवाय. हॅलफर्डने ते मान्य केलं, आणि त्यामुळे नेमके हवे ते श्रोते, हजारोंच्या संख्येने, त्याच्यासमोर रोज येत राहिले. स्वतःच्या नावावर सभागृहं भरायला त्याला कितीतरी जास्त काळ लागला असता.

१९ जानेवारी २००१ला रिओ दि जानेरोमध्ये ‘रॉक इन रिओ’च्या मंचावर, पुन्हा मेडनच्याच दिवशी, तो उभा राहिला. त्या रात्रीची गर्दी अडीच लाखांच्या आसपास असल्याचं सांगितलं जातं. त्याच वर्षी ‘लाइव्ह इन्सरेक्शन’ हा दोन भागांचा थेट मैफलीचा अल्बम आला. त्यात ‘रिझरेक्शन’मधल्या गाण्यांच्या बरोबरीने प्रीस्टची आणि ‘फाइट’ची गाणीही आहेत. नवी गाणी आधी सिद्ध झाली होती, म्हणून जुनी गाताना त्यात लाचारी उरली नाही. तिसऱ्या रस्त्यावर हीच गाणी केविलवाणी वाटली असती.

निष्पत्ती

विक्रीच्या दृष्टीने हा अल्बम मोठा नव्हता. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तो पहिल्या शंभरातही पोचला नाही. परिणाम दुसरीकडे दिसला. प्रीस्टचा ओवेन्ससोबतचा दुसरा अल्बम, ‘डिमॉलिशन’, २००१मध्ये आला आणि त्याचं स्वागत थंडपणे झालं. ओवेन्स कमालीचा ताकदवान गायक आहे, त्याच्यात उणं काढण्यासारखं काही नव्हतं. पण चाहत्यांच्या हातात आता तुलना होती. हॅलफर्डचा दुसरा अल्बम ‘क्रुसिबल’ २००२मध्ये आला, आणि २००३च्या जुलैमध्ये हॅलफर्ड प्रीस्टमध्ये परतल्याची घोषणा झाली. परतीनंतरचा पहिला अल्बम, २००५चा ‘एंजल ऑफ रिट्रिब्यूशन’, प्रोड्यूस करायला प्रीस्टने रॉय झीलाच घेतलं.

काय वेगळं करता आलं असतं

सुरुवात १९९२पासून करावी लागेल. बँडबाहेरचं काम आणि बँड सोडणं या दोन गोष्टी समोरासमोर बसून वेगळ्या केल्या असत्या, तर अकरा वर्षांचा वनवास टळला असता का? माझं उत्तर अर्धं होकाराचं आहे. माणसं एवढी दमलेली होती की काही काळ अंतर पडणारच होतं. पण ते दोन-तीन वर्षांत भरून निघू शकलं असतं. पत्रव्यवहारातून बोलणारे बँड मैफली करू शकतात, भांडण मात्र मिटवू शकत नाहीत.

‘टू’ला मी चूक म्हणणार नाही. प्रयोग करणं गायकाचा हक्क आहे. चूक होती ती प्रयोगाला आधार म्हणून जुन्या घराला मृत ठरवण्याची. ‘मला आता हे करायचं आहे’ एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं.

तिसरी गोष्ट सहकाऱ्यांची, आणि ती चर्चेत क्वचितच येते. ‘रिझरेक्शन’चं यश जितकं गायकाचं, तितकंच त्या चार तरुण वादकांचं होतं. अल्बम जितका चांगला होत गेला तितकी गायक प्रीस्टकडे परतण्याची शक्यता वाढत गेली, म्हणजे ते स्वतःच्याच बँडच्या मुळावर येणारं काम करत होते. लॅकमन २००३मध्ये ‘डॅमेजप्लॅन’ या बँडमध्ये गेला, गिटार सोडून गायक म्हणून. इतरांनीही आपापली कामं शोधली. ज्येष्ठ गायकाच्या पुनरागमनात सामील होणाऱ्या तरुण वादकांना, मूळ बँड परत जुळला तर या बँडचं काय होईल, हे पहिल्याच बैठकीत सांगितलं गेलं पाहिजे आणि करारात लिहिलं गेलं पाहिजे. हॅलफर्डने पुढे ही दोरी पूर्ण तोडली नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. २०१०मध्ये ‘मेड ऑफ मेटल’ हा ‘हॅलफर्ड’ बँडचाच अल्बम निघाला, तेव्हा ख्लासियाक आणि जार्झोम्बेक त्यात होते, आणि दुसरी गिटार खुद्द रॉय झीच्या हातात होती.